बारा दासी

तुम्ही 'ओडिसी'चं नाटक करायला बसलात, तर कात्री कुठे चालवाल? विद्यापीठातल्या आमच्या हौशी प्रयोगासाठी मी ती २२व्या सर्गावर चालवली. ओडिसियसनं पेनेलोपीचे मागणीदार मारल्यावर १२ दासींना ती प्रेतं उचलायला लावतात आणि मग टेलेमॅकस त्यांना फासावर लटकवतो. गुन्हा काय, तर त्या मागणीदारांबरोबर झोपल्या. गुलाम बाईला नाही म्हणता आलं असतं? बापानं तलवारीनं मारायला सांगितलं होतं. फास ही मुलाची भर!

मी वेळेचं कारण दिलं. खरं तर घरी परतलेल्या नायकाला टाळ्या मिळायला हव्या होत्या. होमरनं मात्र लटकलेल्या पायांची तडफडही लपवली नाही. मग मीच एवढा सोवळा कधीपासून झालो?

पुढच्या प्रयोगात दासी असतील. बाराजणी मिळत नाहीयेत, चौघींवर भागवतोय.