पंचाची पाठ वळल्यावर

११ जून २०२४. दोह्यात भारत-कतार, विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा सामना. नांदेडात आमची तयारी जय्यत: चिवडा, चहा आणि लातूरहून आलेला मेहुणा. छांगतेनं गोल केला, आम्ही नाचलो. पुढं चेंडू रेषेबाहेर गेला. कतारवाल्यानं तो आत ओढला, दुसऱ्यानं गोल मारला. पंचांनी तो चक्क मान्य केला! शेवटी २-१ नं हरून आपण स्पर्धेबाहेर.

“लबाड! कबूल करायला काय झालं होतं?” मी ओरडलो.

सौ. म्हणाली, “अहो, परवा भाजीवाल्यानं तुम्हाला वीस रुपये जास्त दिले, तेव्हा पंच कुठं होता?”

बँकेत दहा रुपये जुळेनात तर मी रात्रीपर्यंत बसतो. पण तिथं वर साहेब असतो. पायांची तयारी सगळेच करतात हो. पंचाची पाठ वळल्यावरची कोण करतो?

सकाळी वीस रुपये नेऊन दिले. भाजीवाला हसला, “मला तवाच कळलं होतं साहेब. वाट बघत होतो.”