गुरुजी, यांतले खरे कोणते?

देवळाच्या पायऱ्या उतरताना पायाखाली जो तांबूस, सच्छिद्र चिरा लागतो त्याचा विचार आपण वडीलधारी माणसे सहसा करीत नाही. मुले करतात. आमच्या परिचयाच्या एका भूगोल-शिक्षकांस वर्गातील एका मुलीने विचारले, “गुरुजी, ही भूमी परशुरामाने समुद्र हटवून मिळविली ना? मग पुस्तकात ती कोट्यवधी वर्षांची कशी? यांतले खरे कोणते?” गुरुजींनी “ते परीक्षेला नाही” असे सांगून पान उलटले. आम्हांपाशी ही हकीकत सांगताना त्यांची मान खाली होती.

ती लाज आम्हांस मोलाची वाटते. मुलीस दुखवू नये म्हणून ते गप्प राहिले, की स्वतःस ठाऊक नव्हते म्हणून? त्यांनी दुसरे कारण कबूल केले. श्रद्धेचा मान राखण्याच्या नावाखाली आपले अज्ञान झाकणे, हा श्रद्धेचाही अपमानच नव्हे काय?

खडक काय सांगतो ते आता पुष्कळसे उकलले आहे. अनमोड घाटातील काही खडक ३०० कोटी वर्षांहून जुने आहेत. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. आपला जांभा त्या मानाने अलीकडचा. उष्ण हवेत पावसाच्या पाण्याने मूळ खडकातील सिलिका वाहून नेली, लोखंड व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली, त्यांचा तो झाला. खाणीतून काढताना तो मऊ असतो, वाऱ्याउन्हात कठीण होतो. ही गोष्ट गवंडी विद्वानांच्या आधीपासून जाणतात.

कोणी सुशिक्षित येथे तडजोड सुचवितात, की परशुरामाची कथा म्हणजे समुद्र मागे हटल्याची लोकस्मृतीच. ही तडजोड आम्हांस मानवत नाही. गेल्या सुमारे २०,००० वर्षांत हिमयुगाचे बर्फ वितळून समुद्र १२० मीटरांच्या आसपास वर चढला आहे. पुढे थोडेफार चढउतार झाले, पण एकंदर हिशेब जमीन बुडाल्याचा आहे. शास्त्राला ओढूनताणून पुराणाचा साक्षीदार करणे म्हणजे दोघांशीही अप्रामाणिकपणा. पैंगिणच्या देवळात आपण परशुरामापुढे हात जोडतो ते काही भूमीचे वय विचारण्यासाठी नव्हे. त्या मुलीस एवढे सरळ सांगता आले असते, आणि ती रडली नसती.

पण ते सांगण्यास गुरुजींस कोणी शिकविले होते? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाकाठी किमान ५० तासांचे प्रशिक्षण सुचविले आहे. संख्या चांगली आहे. परंतु ते तास पंख्याखाली, पडद्यावरील चित्रे पाहण्यात गेले, तर शिक्षक अधिक शब्द घेऊन परततो, इतकेच. भूशास्त्र हे पायांनी शिकण्याचे शास्त्र आहे. घाटातला एक दिवस, चिरेखाणीतली एक सकाळ, हाती हातोडी, आणि सोबत “हे मला ठाऊक नाही” असे न कचरता म्हणणारा जाणकार: याने शिक्षकास जे मिळेल ते छापील पुस्तिकेने मिळणार नाही. ठाऊक नसल्याची कबुली देण्याचा सरावही प्रशिक्षणातच व्हावयास हवा; वर्गात एकट्याने ती देणे फार जड जाते.

आमच्या गुरुजींनी पावसाळ्याआधी वर्ग चिरेखाणीवर नेण्याचे ठरविले आहे. खाणमालकाने होकार दिला. मुख्याध्यापकांचा अद्याप यावयाचा आहे.