दांडी आणि पेटी

हेतू शुद्ध असला म्हणजे माणसाची जबाबदारी संपते काय? प्रश्न जुनाच आहे. परंतु मला तो सुचला तो कोणत्याही ग्रंथातून नव्हे, तर बोटाच्या पेराएवढ्या एका तुकड्यावरून.

स्वयंचलित गिअरच्या पुष्कळशा जुन्या गाड्यांत चालकाच्या हाताखालची दांडी आणि गिअरची पेटी यांना एक केबल जोडते. तिच्या टोकाला रबराचा किंवा प्लास्टिकचा बुश असतो. उष्णतेने आणि वयाने तो कडक होतो, तडकतो. दांडी सैल लागू लागते आणि एके दिवशी केबल पेटीपासून सुटते. मग चालक दांडी ‘पी’वर, म्हणजे गाडी उभी करण्याच्या खुणेवर आणतो, पेटीपर्यंत मात्र निरोप पोचतच नाही. दात्यांत अडकणारी आतली खुंटी अडकत नाही. चालक खाली उतरतो आणि उतारावरची गाडी आपली चालू लागते! ही कल्पना नव्हे. जून २०२२ मध्ये अमेरिकेत फोर्ड कंपनीने याच कारणासाठी सुमारे २९ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

आता दोष कोणाचा? चालकाने करायचे ते केले होते. पण उताराच्या तळाशी खेळणाऱ्या पोराला त्याचे काय? त्याच्या अंगावर येते ती गाडी, चालकाचा हेतू नव्हे.

आम्हा शिक्षकांचेही असेच आहे. ‘समजले का?’ असे विचारावे, वर्गाने एका सुरात ‘हो’ म्हणावे; झाली आमची दांडी ‘पी’वर! घराघरांतला बापही म्हणतो, ‘मी सांगितले होते.’ सांगणे निराळे, पोचणे निराळे.

यावर कोणी विचारील, ‘मग माणसाने प्रत्येक सांध्याचा संशय घ्यावा काय?’ छे! तसे केल्यास जगणेच अशक्य होईल. मला वाटते, न्यायाची रेघ इथे आहे : बुश नकळत तुटला तर चालक निर्दोष. परंतु दांडी सैल लागते हे हाताला कळल्यावरही ‘चालते आहे ना!’ म्हणत दिवस ढकलणारा निर्दोष नव्हे. आणि हे ठाऊक असून ती गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारणारा तर मुळीच नव्हे.

औषध साधे आहे. बहुधा पेटी उघडावीही लागत नाही. जुना बुश काढून नवा दाबून बसवायचा, आणि दांडी व पेटी आता एकच भाषा बोलतात ना, हे पाहायचे. तोवर, आणि त्यानंतरही, हँडब्रेक ओढावा. तो दांडीवरचा अविश्वास नव्हे; उताराखाली उभ्या असलेल्या, आपल्याला न दिसणाऱ्या माणसाची ती बूज आहे. शुद्ध हेतूलाही असा एखादा हँडब्रेक लागतोच.