डावीकडे वळताना

उमरेडहून नागपूरला जाताना माझ्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकाकडून 'घूं' असा आवाज येऊ लागला, तेव्हा मी ताबडतोब उपाय केला. रेडिओ मोठा केला. आवाज बंद झाला. पुढे डावीकडचं वळण आलं, आवाज वाढला. मीही रेडिओ वाढवला.

गाडीला आवाज येतो, असं चारचौघांत एकदा म्हणून बघा. आपल्या देशात जेवढे वैद्य आहेत, तेवढेच मेकॅनिक आहेत. आमचे कॅशियर म्हणाले, "टायरमध्ये खडा अडकला असेल." सासरेबुवा म्हणाले, "हवा कमी असेल." सौभाग्यवती म्हणाल्या, "वय झालं की आवाज करतातच. तुम्ही सकाळी उठताना करता, तसा."

शेवटी चहाच्या टपरीवर मिस्त्री भेटले. त्यांनी गाडी न पाहताच अख्खं शास्त्र सांगितलं. "साहेब, आवाज कवा येते, थे सांगा. खड्ड्यात खडखड करत असंन तं बुश नाही तं बॉल जॉइंट. स्टेअरिंग पुरं फिरवल्यावर कटकट करत असंन तं एक्सलचा जॉइंट. ब्रेक दाबल्यावर चीं करत असंन तं पॅड. आन् स्पीडसंगं घूंघूं वाढत असंन तं बेअरिंग."

"आणि डावीकडे वळताना वाढला तर?"

"डावीकडं वळलं का वजन उजव्या चाकावर येते. म्हंजे उजव्याचं बेअरिंग. पन नुसतं ऐकून नाही होत. जॅकवर घेऊन, चाक वर-खाली धरून हालवून पाहा लागते. आना उद्या."

मी चहाचे पैसे दिले आणि गाडी काही नेली नाही. कारण गाडी मी विकायला काढली होती. घेणार होता आमच्याच शाखेतला शिपाई. त्याच्या आईला दर महिन्याला नागपूरच्या दवाखान्यात न्यावं लागे, आणि एसटीची चढउतार म्हातारीला झेपत नव्हती.

आता माझा हिशेब ऐका. मिस्त्रीकडे गेलो, तर रोग कळणार. कळला, तर सांगावा लागणार. सांगितला, तर किंमत उतरणार. त्यापेक्षा कळूच दिला नाही, तर? न कळलेली गोष्ट न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. इतका निर्मळ युक्तिवाद मला बी.कॉम.च्या परीक्षेतसुद्धा कधी सुचला नव्हता.

बी.कॉम. आठवलं तसा करार कायदाही आठवला. सन १८७२चा, कलम १७. त्यात एका घोड्याचं उदाहरण आहे. घोडा सदोष आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, तो लिलावात विकतो आणि गप्प बसतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. वाचून मला इंग्रज सरकारविषयी प्रथमच प्रेम वाटलं. पण पुढे आणखी उदाहरणं आहेत, आणि कायद्याचं पुस्तक अर्धंच वाचावं, असं नोकरदार माणसाने केव्हाही समजावं. घोडा घेणारी विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्याने सांगितलंच पाहिजे. आणि घेणारा जर म्हणाला, "तुम्ही नाही म्हटलं नाही, तर घोडा धड आहे असं मी धरतो," तर मग गप्प बसणं हेच बोलणं.

रविवारी शिपाई आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, मले गाडीतलं काही समजत नाही. तुम्ही काही बोलले नाही, म्हंजे गाडी चांगलीच असंन."

दीडशे वर्षांपूर्वीचा तो घोडा माझ्या अंगणात येऊन खिंकाळला!

मी गप्प राहिलो. तीन-चार सेकंद असतील. तेवढ्यात मला रस्ता दिसला, कोळशाचे ट्रक दिसले, मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी दिसली आणि डावीकडचं वळण दिसलं. मग मी म्हटलं, "उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय बहुतेक. मी दाखवलेलं नाही."

तो शांतपणे म्हणाला, "मले माहीत हाय साहेब. मागं बँकेच्या कामानं तुमच्यासंगं नागपूरले आलो होतो ना? डावीकडं वळन आलं का तुम्ही रेडिओ मोठा करत होते."

"मग विचारलंस कशाला?"

"म्हटलं, पाहू, साहेब सांगतेत का."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चाक उचलून हलवलं, तर ते सैल दातासारखं हललं. आणखी काही दिवसांत ते वाटेतच जाम होऊ शकलं असतं, असं ते म्हणाले. बेअरिंग माझ्या खर्चाने बदललं, आणि मगच किल्ली दिली.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून आहे. अज्ञान दोन प्रकारचं असतं. एक आपल्याला असतं. दुसरं आपण रेडिओ लावून सांभाळतो. पहिल्याला माफी असावी. दुसऱ्याला नसावी, कारण जे ऐकायचं नाही ते नेमकं कुठल्या वळणावर येतं, हे त्या माणसाला चांगलं ठाऊक असतं. नाही तर त्याचा हात वेळेवर बटणाकडे जाईलच कसा?

हल्ली मी पायी बँकेत जातो. चालताना उजवा गुडघा कुरकुरतो. सौभाग्यवती म्हणतात, डॉक्टरांना दाखवा. मी म्हणतो, बघू.