अतिथीचा धर्म

यजमानानें अतिथीशीं कसें वागावें, हें आपल्या शास्त्रकारांनीं पुष्कळ तपशिलानें सांगितलें आहे. तैत्तिरीय उपनिषदानें तर अतिथीला देवाच्याच पदवीस चढविलें. परंतु ज्याला देव मानावयाचें त्यानें स्वतः कसें वागावें, याचा विचार आपण त्या मानानें फारच थोडा करतों. प्रवास सुलभ झालेल्या आजच्या काळांत हाच प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे, असें आम्हांस वाटतें.

एक उदाहरण घेऊं. फिनलंडच्या उत्तर टोकास, ध्रुववृत्ताच्याहि पलीकडे, तेनो नदीच्या कांठीं उत्स्योकी नांवाचें गांव आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तेथें सूर्य मावळत नाहीं. पैलतीर नॉर्वेचा. ही सीमा १७५१ च्या तहानें ठरली; पण दोन्ही तीरांवर नांदणारे सामी लोक त्या तहाहून फार जुने. ते या नदीला देआत्नू म्हणतात. समुद्रांतून प्रवाहाविरुद्ध वर चढणारा सॅल्मन मासा हेंच त्यांचें पिढ्यान्‌पिढ्यांचें अन्न. लहान सॅल्मनला त्यांच्या भाषेंत एक नांव, मादीला दुसरें, वांकड्या जबड्याच्या नराला तिसरें.

याच माशासाठीं उन्हाळ्यांत गळ घेऊन हौशी पाहुणे येत. शासनाचा परवाना विकत घेतला कीं आपला हक्क सिद्ध झाला, अशी त्यांची समजूत. मासे घटूं लागले तेव्हां २०१७ सालीं दोन्ही राष्ट्रांनीं नवे नियम केले. त्यांत सामींच्या परंपरागत जाळ्यांवर कडक निर्बंध आले. त्याच वर्षीं कांहीं सामींनीं नदींतील एका बेटावर तळ दिला आणि जाहीर केलें कीं, हे नियम येथें चालणार नाहींत. परवाना असला तरी पाहुण्यानें आधीं स्थानिक कुटुंबांची अनुज्ञा घ्यावी.

ही मागणी उद्दाम मानावी काय? कांटनें १७९५ सालीं चिरशांतीवरील आपल्या निबंधांत प्रतिपादिलें कीं, पृथ्वीचा पृष्ठभाग सर्वांचा समाईक असल्यानें परभूमीस भेट देण्याचा हक्क प्रत्येक मनुष्यास आहे. पण पाहुणा म्हणून राहावयाचें तर यजमानाची वेगळी संमति लागते. या भेदाच्या कसोटीवर पाहतां, बेटावरील त्या मंडळींनीं तत्त्वज्ञाची आज्ञाच जणूं पाळली. हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या राजधानीचा कायदा दार उघडूं शकेल. पानावर बसा असें म्हणण्याचा अधिकार घरच्यांचा.

यावर कोणी म्हणेल: मासा जाळ्यानें मेला काय नि गळानें मेला काय, संख्या घटावयाची ती घटतेच, तेव्हां कायदा सर्वांना सारखाच असावा. हा आक्षेप हलका नाहीं. पाहुण्यांच्या पैशावर कांहींचे संसार चालतात, हेंहि विसरतां येत नाहीं. शेवटीं २०२१ सालीं नदींतील सॅल्मनची मासेमारी बंदच करावी लागली, ती सामींनाहि. आणि पुढील हंगामांतहि बंदी चालू राहिली. परंतु सारखेपणा म्हणजे न्याय नव्हे. पाहुण्याची एक सहल बुडाली. तो दुसऱ्या नदीवर जाईल. सामी मुलाचे मात्र बापाबरोबर होडींत बसून प्रवाह ओळखावयास शिकण्याचे हंगाम एकामागून एक गेले. मासा हातीं न आल्यास त्याचीं तीं सारीं नांवेंहि हळूहळू जिभेवरून उतरतील. फिनलंडच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं, उत्स्योकी परिसरांतील उपनद्यांत नियमाविरुद्ध मासे धरल्याचा आरोप असलेल्या सामींना निर्दोष ठरविलें, तें त्यांच्या सांस्कृतिक हक्काला घटनेचा आधार आहे म्हणूनच.

यांतून निघणारा धर्म आम्हांस साधा दिसतो. पंक्तींत पहिलें पान पाहुण्याचें असतें खरें. पण भांड्यांत किती उरलें आहे हें ओळखून आधीं पुरे म्हणण्याचें कर्तव्यहि त्याचेंच. कायद्यानें हात धरीपर्यंत तो वाढून घेत राहिला, तर मग घरच्या मुलांचाहि हात धरावा लागतो. ज्या घरीं पाहुण्यानें पोटभर जेवावें आणि मुलांनीं उपाशी निजावें, त्या घरीं अतिथीचें देवपण उरत नाहीं.