उद्यानातील गुलाब आणि पूजेचा अधिकार

सार्वजनिक उद्यानातील गुलाबी गुलाब देवपूजेसाठी खुडणे ही चोरी आहे का, या प्रश्नाला धर्मशास्त्राचे जुने उत्तर आजच्या वाचकाला अनपेक्षित वाटेल असे आहे. गायीसाठी गवत, अग्नीसाठी लाकूड आणि झाडावेलींची फुले आपलीच समजून घ्यावीत, अशी मुभा गौतमधर्मसूत्र देते. फळांना मात्र ते कुंपण नसण्याची अट घालते. यातील 'आपलीच समजून' ही तरतूद महत्त्वाची आहे, कारण मीमांसाशास्त्रानुसार याग म्हणजे देवतेला उद्देशून केलेला द्रव्याचा त्याग, त्याग म्हणजे वस्तूवरील स्वामित्व सोडणे, आणि जे आपले नाही ते सोडताही येत नाही. सूत्रकारांनी फुलावर आधी हक्क देऊन अर्पणाची वाट मोकळी केली, असे म्हणता येईल.

परंतु ही मुभा आपोआप उमलणाऱ्या फुलांच्या जगाला शोभते. रानगुलाबाला बहुधा पाचच पाकळ्या असतात. उद्यानातील भरगच्च गुलाबाच्या अनेक पाकळ्या पुंकेसरांच्या रूपांतरातून आलेल्या असतात, आणि तो बियांपासून जसाच्या तसा उगवत नसल्यामुळे रानटी खुंटावर डोळा भरून किंवा फांदीचे तुकडे लावून त्याची जात टिकवावी लागते. 1867 मध्ये फ्रान्समध्ये गियो यांनी वाढवलेला 'ला फ्रान्स' हा गुलाबी गुलाब आजच्या हायब्रिड टी वर्गाचा आरंभ मानला जातो. तेव्हापासूनचे प्रत्येक झाड कोणा ना कोणा माळ्याच्या छाटणीवर, खतपाण्यावर जगत आले आहे. असे फूल नगरपालिकेच्या वाफ्यात उमलते तेव्हा ते सर्वांचे असते, आणि नेमके म्हणूनच कोणा एकाला त्याचा त्याग करता येत नाही. पहाटे ते खुडून नेणाऱ्याची श्रद्धा खरी असली तरी तो स्वतःचे काहीच देत नाही, उलट दिवसभर तिथून जाणाऱ्यांच्या वाट्याचे देतो. अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, ही वारकरी परंपरेतील स्मृती इथे बळ देते, कारण त्या दृष्टीने झाडावरचे फूल देवापासून दूर नसतेच.

मग पूजा कशाने करायची? यावर मानसपूजेचा, म्हणजे मनानेच उपचार अर्पण करण्याचा, मार्ग परंपरेला मान्य आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या शिवमानसपूजा स्तोत्रात फुलेसुद्धा मनानेच वाहिली जातात. ही पळवाट आहे, हा आक्षेप टिकत नाही. समोर उमललेला, दव धरलेला गुलाब पाहून हात आवरणारा माणूस तो आपला करून घेण्याची इच्छा सोडतो, आणि ही इच्छा निःसंशय त्याच्या मालकीची असते. मीमांसेची अट येथे खुडलेल्या फुलापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळली जाते. ज्यांना प्रत्यक्ष फूल वाहिल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांचीही परंपरेने सोय केली आहे: जमिनीवर पडलेले फूल एरवी पूजेला वर्ज्य असले तरी प्राजक्ताचे चालते, आणि प्राजक्त पुष्कळ उद्यानांत असतो.