धूर कुणाचा, दंड कुणाला?



जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायकोर्टानं हवेबद्दल आदेश दिला. बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदला, आणि पेट्रोल-डिझेलच्या गाड्या शहरातून हटवता येतील का ते समितीकडून तपासून घ्या, असं सरकारला सांगितलं.

ठाकूरद्वारच्या नाक्यावर एक टेम्पोवाला उभा असतो. इंजिन जुनं, कर्ज ताजं. विचारतो, "भाऊ, हे गेलं तर मी खाऊ काय?"

मी मागावरचा माणूस. धुराची बाजू घेणार नाही. धूर पहिला आमच्याच छातीत शिरतो. रस्ता झाडणाऱ्या बाईला काच वर करता येत नाही. पण 1982 च्या संपानंतर गिरणगावची धुराडी विझत गेली, तशा चुलीही विझल्या.

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं : मत समान आणि जगणं विषम, हे फार काळ चालणार नाही. हुकूमही तसाच. पैसेवाला बॅटरीची गाडी आणील, टेम्पोवाला धंद्यातून उठेल. असमानांना एकच हुकूम म्हणजे न्याय नव्हे.

इंजिन बदलाच. पण बदलायचा पैसा ज्यांनी धुरावर इमले बांधले त्यांच्याकडून घ्या. हे बोलणं आपलं काम आहे.